कॅमेरा किती जवळ न्यायचा? (लाँग, मिड, क्लोज आणि सजेशन)

फोकसवाली
सोमवार, रात्री ११:४०

काल आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतल्या चार मुलांनी मला त्यांची फिल्म दाखवली. आठ मिनिटांची आहे, गणपतीत मंडपात दाखवणार आहेत. गोष्ट साधी आणि चांगली आहे. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक आई तांदूळ निवडत बसली आहे, आणि "खोली बिल्डरला द्यायचं ठरलं" हे सांगायला तिचा मुलगा आलाय. आईचं काम एका मुलाच्या आजीने केलंय, आणि त्या बाईंनी इतकं मनापासून केलंय की मला गलबलून आलं.

पण आठही मिनिटं मला एकच चित्र दिसत राहिलं. छातीपासून वर चेहरा, बरोबर मधोमध, कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. आई बोलली की आईचा तसा शॉट, मुलगा बोलला की मुलाचा. खोली केवढी, दार कुठे, दोघं एकमेकांपासून किती लांब बसलीत, काही कळत नाही. आईला बातमी कळते तिथेही तोच शॉट, त्यामुळे तो क्षण माझ्या हातून पहिल्यांदा निसटलाच. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा लक्षात आला.

मी चौदा वर्षं कॅमेरा खात्यात आहे, त्यातली शेवटची नऊ फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणारी, म्हणून. मुलांना तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात आधी लाँग शॉट. माणूस डोक्यापासून पायापर्यंत, आणि भोवतालची जागा. त्याहून लांब गेलो की एक्स्ट्रीम लाँग, ज्यात माणूस ठिपका होतो आणि जागाच मुख्य होते. मुंबईची गोष्ट म्हटली की सी लिंक किंवा सीएसएमटीची इमारत दाखवून सुरुवात करायची सवय लागली आहे. या मुलांनीही सी लिंक घातलाय. पण या गोष्टीला सी लिंकचा काय उपयोग? प्रेक्षकाला कळायला हवंय की खोलीला एकच दार आहे, ते गॅलरीत उघडतं, मोरी कोपऱ्यात आहे, आई दाराकडे तोंड करून बसते. एवढं एकदा कळलं की पुढे चेहरे दाखवले तरी तो हरवत नाही. एस्टॅब्लिशिंग शॉटचं काम हे, गावाचं नाव सांगणं नव्हे.

आता अडचण अशी की दहा बाय बाराच्या खोलीत लाँग घ्यायचा कुठून? फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली तर उभा माणूस पायापर्यंत बसवायला सोळा फूट मागे जावं लागतं. पस्तीसवर साडेअकरा, चोवीसवर आठ. चोवीस लावून भिंतीला पाठ टेकवता येते, पण मग खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते, आणि या गोष्टीत खोली लहान असण्यालाच अर्थ आहे. मी असते तर कॅमेरा दाराबाहेर गॅलरीत ठेवला असता. खोलीचे बारा आणि गॅलरीचे चार, झाले सोळा. दाराची चौकट दोन्ही बाजूंनी फ्रेममध्ये येईल, अर्धा पडदाही येईल. येऊ दे. चाळीत शेजारीण येता-जाता आपल्या घरात बघते ते असंच दिसतं. त्या एका शॉटमध्ये खोली, चाळ आणि बघणारी नजर तिन्ही आली.

मिड शॉट म्हणजे कमरेपासून वर. याचं खरं मोल हातांमुळे आहे. आपल्या घरांतली माणसं बोलताना रिकामी बसत नाहीत. कुणी भाजी निवडतं, कुणी कपड्यांच्या घड्या घालतं. मुलगा बोलायला लागतो तेव्हा आजींचे हात सुपात फिरत असतात, आणि "बिल्डर" शब्द आल्यावर एक खडा दोन बोटांत धरून हात तसाच थांबतो. हे त्यांनी आपणहून केलं होतं, मी नंतर विचारलं. पण कॅमेरा छातीवर कापलेला, सूप फ्रेमच्या खाली! एवढं सोनं आलं आणि वाया गेलं.

मिड क्लोज छातीपासून वर, म्हणजे मुलांनी सगळीकडे वापरला तो. वाईट शॉट नाही. रोजच्या मालिकेचं निम्मं काम त्यावर चालतं. क्लोज-अप म्हणजे खांद्याच्या किंचित खालून डोक्यापर्यंत, आणि त्याच्याही आत टाइट क्लोज, जिथे कपाळ कापलं तरी चालतं, हनुवटी शक्यतो कापू नये. एक्स्ट्रीम क्लोज म्हणजे नुसते डोळे, नुसतं बोट, नुसता तो खडा. मापं शिकताना एक पथ्य पाळा: फ्रेमची कड सांध्यावर आणू नका. गुडघा, मनगट, कोपर, घोटा यांच्या थोडं वर किंवा थोडं खाली कापा, नाहीतर माणूस तोडल्यासारखा दिसतो.

ही नावं म्हणजे खरं तर अंतरं आहेत. आपण आयुष्यात कुणाच्या किती जवळ जातो याचा हिशेब शरीराला ठाऊक असतो. बसस्टॉपवर उभा माणूस लाँगमध्ये असतो, समोर बसून चहा पिणारा मिडमध्ये, आणि क्लोज-अपच्या अंतरावर आपण फक्त आपल्या माणसाला येऊ देतो. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून तिथे नेऊन बसवलं तर पुढे आणखी जवळ न्यायला जागा उरत नाही. या फिल्मच्या आठ मिनिटांत क्लोज-अप मी दोनदाच घेतला असता.

उंचीचं राहिलं. लो अँगल म्हणजे माणूस थोर, टॉप अँगल म्हणजे माणूस हतबल, असं सूत्र सगळीकडे सांगतात. त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. आजी जमिनीवर बसल्या आहेत. उभ्या माणसाच्या छातीवर ट्रायपॉड लावून त्यांच्याकडे पाहिलं की त्यांचा भांग दिसतो, डोळे नाहीत. त्यांच्याशी बोलायला आपण जसे खाली बसतो तसा कॅमेरा खाली बसवा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू आयुष्यभर कॅमेरा असा खाली ठेवत आले, कारण त्यांची माणसं घरात खालीच बसायची. आपल्या आया-आज्याही तशाच बसत आल्या, तरी आपण कॅमेरा उंचच ठेवतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

सजेशनबद्दल, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा, उद्या लिहिते. सहाची शिफ्ट आहे.

---

गिरगावकर
मंगळवार, सकाळी ९:१५

फार चांगला धागा. मुंबईचा आणि या अंतराचा संबंध जुना आहे, म्हणून थोडी भर.

७ जुलै १८९६ रोजी काळाघोड्याच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यांत स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. कॅमेरा फलाटावर एका जागी उभा. गाडी दुरून तिरकी येत येत अगदी जवळ येते, उतारू कॅमेऱ्याजवळून जातात. कॅमेरा न हलवता एकाच शॉटमध्ये लाँगपासून मिडपर्यंत सगळं आहे. कॅमेरा कुठे उभा करायचा हे ठरवणाऱ्याला नजर होती.

सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. पुढे ३ मे १९१३ ला आमच्या गिरगावात कोरोनेशन थिएटरला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याची जी रिळं आज उरली आहेत त्यांत कॅमेरा बहुतेक समोर, आणि माणसं पायापर्यंत. नाटकात खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाची जागा कॅमेऱ्याला मिळाली होती. आपल्याकडे ती खुर्ची सोडून कॅमेरा उठून नटापर्यंत गेला याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण १९३४ चं आहे: शांतारामबापूंच्या 'अमृतमंथन'मधला, राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा डोळा. पडदाभर एक डोळा! त्या राजगुरूची भीती घालायला त्यांनी सैन्य दाखवलं नाही.

लाँग शॉटबद्दलही एक. १९५९ साली गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' सिनेमास्कोपमध्ये केला, कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. आरशांनी ऊन आत वळवून त्यांनी रिकाम्या स्टुडिओत जो उजेडाचा झोत सोडला, त्यात दोन माणसं एवढ्या रुंद पडद्यावर किती एकटी दिसतात! तिथे क्लोज-अपने हे साधलं नसतं.

---

जुना_कंट्रोलरूम
मंगळवार, दुपारी १:०५

मी टीव्हीच्या बाजूने लिहितो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. मी स्टुडिओच्या कामात आलो तो १९८० नंतर.

तेव्हा वाडीत एका घरात टीव्ही असायचा आणि त्याच्यापुढे तीस माणसं. मागे दारात उभा असलेल्याला वीस इंची काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा लाँग शॉट म्हणजे मुंग्या दिसायच्या. चित्राची सुस्पष्टताही बेताची. म्हणून टीव्हीचं व्याकरण पहिल्यापासून मिड क्लोज आणि क्लोजवर उभं राहिलं, आणि ते त्या काळी बरोबरच होतं. आता घराघरांत मोठे पडदे आले, पण सवय राहिली. दुसरीकडे लोक मोबाइलवर बघू लागले, म्हणजे पडदा पुन्हा लहान झाला. मुलांना एक विचारावंसं वाटतं: मंडपात पडदा केवढा आहे? दहा फुटी पडद्यावर टाइट क्लोज फार मोठा होतो. तिथे लाँग आणि मिड अंगावर येत नाहीत, आणि लोकांना वाचताही येतात.

मल्टिकॅमेराविषयीही सांगतो, कारण शॉटची नावं आम्हाला तिथे जगायला लागायची. तीन कॅमेरे, तिघांच्या कानांत टॉकबॅक, म्हणजे कंट्रोल रूमचा आवाज ऐकवणारा हेडफोन. वर कंट्रोल रूममध्ये निर्माता बोलायचा, "एक टू-शॉट (दोघं एका फ्रेममध्ये) धर, दोन बाईंचा क्लोज दे, तीन तयार राहा." ज्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर लाल दिवा लागला त्याचं चित्र त्या क्षणी प्रक्षेपणात. दिवा विझायच्या आत फ्रेम हलवलीस तर घराघरांत दिसणार. "जरा जवळ घे" असं मोघम बोलायला वेळच नसायचा. मिड म्हटलं की मिडच यायला हवा, मग माणूस कुठलाही असो. फोकसवाली ताई म्हणतात तशी ही मापं शरीरात मुरावी लागतात.

---

फोकसवाली
मंगळवार, रात्री १०:५०

जुना_कंट्रोलरूम काका, पडद्याच्या आकाराचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मुलांना विचारते.

आता सजेशन. पुस्तकात याला ओव्हर द शोल्डर म्हणतात, मुंबईच्या सेटवर सर्रास सजेशन. मुलाचा खांदा आणि कान पुढे धूसर, पलीकडे आईचा चेहरा. खांद्यामुळे दोघं एकाच जागेत आहेत हे कळतं. नुसता आईचा क्लोज घेतला तर ती एकटी पडते. या प्रसंगात दोन्ही हवंय, फक्त क्रमाने. मुलगा बातमी सांगेपर्यंत सजेशन, म्हणजे आई-मुलगा एका फ्रेममध्ये. शब्द उच्चारला की आईचा क्लोज, खांदा गेला. इथून पुढे ती तिच्या घरात एकटी आहे. संवादात हे कुठेच लिहिलेलं नाही, पण बघणाऱ्याला जाणवतं.

---

नाट्यवेडी
मंगळवार, रात्री ११:३०

मी रंगभूमीवर काम करते, मालिकांत थोडं केलंय. पहिल्या दिवशी एका ज्येष्ठ अभिनेत्रीने मला शिकवलं की शॉटच्या आधी कॅमेरामनला "कुठपर्यंत आहे?" विचारायचं. तो लांबूनच आपल्या छातीवर किंवा कमरेवर हात आडवा धरून दाखवतो. तेवढं पुरतं. कमरेपर्यंत असेल तर हाताने काम करायचं. गळ्यापर्यंत असेल तर मान फार हलवायची नाही, पापणीसुद्धा सांभाळायची, कारण पडदाभर चेहऱ्यावर पापणी मिटणं हा मोठा हावभाव असतो. पायापर्यंत असेल तर चेहऱ्याने काही केलेलं पोचत नाही, खांद्यांनी आणि चालीने सांगायचं.

नाटकात कुणाकडे बघायचं हे प्रेक्षक ठरवतो. मी कोपऱ्यात गप्प उभी असले तरी कुणीतरी मला बघत असतं. कॅमेऱ्यापुढे ते हातात नसतं, म्हणून मापं विचारून घेणं हा नटाचा हक्क आहे असं मी मानते. त्या आजींना कुणी सांगितलं होतं का की सूप दिसत नाहीये?

---

संकलक
बुधवार, सकाळी ८:२०

एडिट टेबलवरून. मुलांच्या फिल्ममध्ये आणखी एक दोष असणार, न बघता सांगतो: दोघांचे लुक, म्हणजे नजरेच्या दिशा, जुळत नसतील.

आई आणि मुलगा समोरासमोर बसले की त्यांच्यामध्ये एक रेष कल्पा. कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, त्या बाजूच्या १८० अंशांत कुठेही. मग आई डावीकडून उजवीकडे बघते आणि मुलगा उजवीकडून डावीकडे, कट केल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात. एक शॉट रेषेच्या पलीकडून घेतला की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात, जणू तिसऱ्याच माणसाशी बोलताहेत. वानखेडेवरचा सामना बघताना फलंदाज कुठल्या बाजूला धावतोय याचा आपला गोंधळ होत नाही, त्यामागेही हाच विचार असतो, आणि पलीकडून दाखवायचं असेल तर "उलट बाजूने" असं पडद्यावर लिहितात.

रेष ओलांडायचीच नाही असं नाही. पात्र उठून चालत पलीकडे गेलं, किंवा कॅमेरा शॉट चालू असतानाच फिरला, तर प्रेक्षक आपल्याबरोबर येतो. कट करून उडी मारली की तो दचकतो.

दुसरं मापाबद्दल. एकाच माणसाचे मिड क्लोज आणि क्लोज, एकाच कोनातून, पाठोपाठ जोडले की चित्र उसळी मारल्यासारखं दिसतं. माप बदलायचं तर ठळक बदला, आणि कोनही निदान ३० अंशांनी सरकवा. चार शॉट सारखे घेण्यापेक्षा दोन वेगळे मिळाले तर मला जास्त करता येतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: रिअ‍ॅक्शन घ्या. जो बोलतोय त्याचाच चेहरा दाखवायचा ही पहिली चूक सगळे करतात. मुलगा "ठरलं" म्हणतो तेव्हा मला आई हवी. रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा एकदा प्यायच्या सूपच्या वाटीशी, एकदा शवपेटीशी, एकदा एका स्त्रीच्या चित्राशी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली असं सांगतात. म्हणून मी नवीन मुलांना सांगतो की प्रसंग संपल्यावर नटांना दहा सेकंद गप्प बसवून क्लोज घेऊन ठेवा. त्यातलं काहीतरी लागतंच.

---

कांदिवली_चौघे
बुधवार, संध्याकाळी ७:१०

आम्हीच ती फिल्म केली. ताईंनी लिंक पाठवली. सगळं वाचलं, दोनदा. संकलक दादा, लुक खरंच चुकलेत, आई आणि दादा (मुलाचं काम करणारा) दोघं खिडकीकडे बघतायत.

नाट्यवेडी ताई, आम्ही आजीला काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं सगळं दिसतंय. आज सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पुन्हा करू की!"

शंका: आम्ही मोबाइलवर शूट करतो. आजीचा क्लोज घ्यायला फोन जवळ नेला तर नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. आजीला ते आवडलं नाही, म्हणून आम्ही लांबूनच मिड क्लोज घेत राहिलो. काय करायचं?

---

फोकसवाली
बुधवार, रात्री ११:२०

आजींना माझा नमस्कार सांगा.

नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे. फोन चेहऱ्यापासून एका फुटावर नेलात तर नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्या मानाने बरेच लांब, म्हणून नाक फुगतं. पाच-सहा फूट मागे जा, तेवढ्यावरून हा फरक नगण्य होतो. पण फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, साधारण चोवीस-सव्वीसच्या लेन्सएवढा, त्यामुळे मागे गेल्यावर आजी लहान दिसणार. तुमच्या फोनला दुसरी टेलि, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी, लेन्स असेल, दोनपट किंवा तीनपट, ती लावा. बोटांनी चिमटा उघडून झूम करू नका, बरेच फोन मधल्या टप्प्यांत चित्र नुसतं कापून मोठं करतात.

झूम आणि जवळ जाणं यातला फरकही इथेच लक्षात येईल. झूम केला की आजी आणि मागची मांडणी सारख्याच प्रमाणात मोठ्या होतात. कॅमेरा घेऊन पुढे सरकलात, म्हणजे सेटवरची ट्रॉली, तर आजी भराभर मोठ्या होतात आणि मागची मांडणी त्या मानाने कमीच वाढते. प्रेक्षकाला दुसऱ्यात आपण चालत गेल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे ट्रॉली नाही, तर चटईवर फोन ठेवून चटई हळू ओढा. फरशी गुळगुळीत असेल तर छान जमतं, आणि उंचीही आपोआप खाली येते.

फोकसचं माझ्या जिव्हाळ्याचं म्हणून सांगते. फुल फ्रेमवर पंच्याऐंशीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) दोन, माणूस दीड मीटरवर, तर मला शार्प मिळतात जेमतेम चार सेंटीमीटर. डोळा शार्प असला की कान गेलाच. आमच्या कॅमेऱ्याच्या अंगावर एक छोटं वर्तुळ आणि त्यातून जाणारी रेष कोरलेली असते, सेन्सर नेमका तिथे असतो. मी टेप त्या खुणेपासून नटाच्या डोळ्यापर्यंत धरते, जमिनीवर त्याच्या पावलांशी रंगीत टेपचा तुकडा चिकटवते, आणि तो पुढे झुकेल तिथे दुसरा. नट श्वास घेऊन झुकायच्या बेतात असतो तेव्हाच माझी बोटं फिरायला लागलेली असतात, नंतर फिरवून उपयोग नाही. एकदा एका मालिकेत असाच आईचा टाइट क्लोज होता, बाई पहिल्याच टेकला रडल्या, आणि माझा फोकस त्यांच्या कानातल्यावर राहिला. दुसऱ्या टेकला त्यांनी काम चोख केलं, पण पहिल्यासारखं आलं नाही. मला ते अजून आठवतं.

फोनला ही अडचण फारशी नाही, त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे बरंचसं शार्प असतं. फक्त एक करा: आजींच्या डोळ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. नाहीतर मागून कुणी गॅलरीतून गेलं की फोन मध्येच त्याच्याकडे बघायला लागतो.

---

एकच_शॉट
गुरुवार, दुपारी ३:४५

थोडा वेगळा सूर लावतो. एवढे शॉट कशाला? गॅलरीतला तो दाराच्या चौकटीतला लाँग मला इतका आवडला की मी अख्खा प्रसंग तिथूनच घेतला असता, एकही कट न करता. आजी इतकं खरं काम करत असतील तर त्यांना त्यांच्या वेळेत करू द्या. मिड, क्लोज, सजेशन असे तुकडे पाडले की वेळ संकलकाच्या हातात जातो. खोलीतली शांतता तुकड्यांत मिळत नाही.

---

फोकसवाली
गुरुवार, रात्री १०:१५

तुमचं म्हणणं मला पटतं, आणि पडदा दहा फुटी असेल तर जास्तच पटतं. पण मग आई कुठे बसेल, मुलगा कधी उठेल, कधी दाराकडे येईल हे सगळं बसवावं लागेल. न कापलेल्या शॉटमध्येही मापं असतातच, फक्त कॅमेऱ्याऐवजी माणसं हलतात. मुलगा बोलून झाल्यावर उठून दारात, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, तर तो आपोआप मिडमध्ये आला आणि आई मागे लाँगमध्ये राहिली. दोन्ही एकाच वेळी. फक्त तो खडा त्यात दिसणार नाही, आणि मला तो सोडवत नाही.

मुलांनो, दोन्ही करून बघा. आधी सगळा प्रसंग गॅलरीतून सलग घ्या. तोच तुमचा मास्टर. मग आत येऊन बाकीचे घ्या.

---

कांदिवली_चौघे
शनिवार, रात्री ९:३०

आज केलं. लालबागला मित्राच्या मामाच्या खोलीत परत गेलो. सांगतो काय काय झालं.

गॅलरीतला मास्टर तीनदा घेतला. दोनदा शेजारच्या काकू मधून गेल्या. तिसऱ्यांदा कुणी गेलं नाही, पण आम्ही चौघांनी पाहिलं तर काकू जाताना क्षणभर आत बघतात तो दुसरा टेकच सगळ्यात चांगला वाटला. तोच ठेवतोय. काकूंना विचारलं, त्यांची हरकत नाही.

मग आत, फोन चटईवर उशीला टेकवून, आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मिडमध्ये सूप आलं. आजीने विचारलं, "कुठपर्यंत आहे?" (आम्ही तिला धागा वाचून दाखवला होता.) हात कमरेवर आडवा धरून दाखवला. मग ती म्हणाली की खडा सापडला की आपण तो लगेच टाकत नाही, आधी नीट बघतो खडा आहे की टिचलेला तांदूळ. तिने तसं केलं. बातमी ऐकल्यावर ती खड्याकडेच बघत राहिली, दादाकडे बघितलंच नाही.

आता अडलंय ते असं. खड्याचा एक्स्ट्रीम क्लोज घेतलाय आणि आजीचा क्लोजही. आधी कुठला लावायचा? आमच्यात दोन-दोन मतं आहेत. पडदा बारा फुटी आहे, मंडळाच्या काकांनी सांगितलं.

---

संकलक
शनिवार, रात्री १०:०५

आधी चेहरा. ती खाली बघतेय हे दिसलं की काय बघतेय हे हवंसं वाटतं, तेव्हा खडा द्या. मग परत चेहऱ्यावर येऊ नका, सरळ गॅलरीतल्या लाँगवर या. तुमचा काकूंचा टेक तिथे बसेल.

---

फोकसवाली
शनिवार, रात्री १०:४०

संकलकांचा क्रम लावून बघा. फक्त बारा फुटी पडद्यावर खडा तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, तेवढ्यात तो पुरेसा दिसतो.

आजी दादाकडे बघत नाहीत हे ऐकून मात्र मला वाटतं की दादाचा सजेशन पुन्हा घ्यावा लागेल. आधी त्या बघत होत्या असं धरून तुम्ही त्याचा लुक लावला होता. आता तो तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघणार, म्हणजे त्याची नजर चार बोटं खाली यायला हवी. एकच शॉट आहे, अर्ध्या तासाचं काम. उद्या मला सुट्टी आहे, चारला लालबागला येते. टेप आणि खडू मी आणते. आजींना तीच साडी नेसायला सांगा, आणि सुपात तेवढेच तांदूळ राहू द्या.